लॉसलेस म्हणजे नेमकं काय वाचलं? व्हायनल रिप, प्रोग मेटल आणि डीआरचा आकडा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आज इअरफोन घरीच विसरलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना झालेला पाल्हाळ काढलाय, बाकी गप्पा तशाच आहेत.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. तो म्हणतो, "दादा, ओपेथच्या 'ब्लॅकवॉटर पार्क'ची व्हायनल रिप मिळालीये. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, फ्लॅक. जवळजवळ दीड जीबी आहे. सीडीपेक्षा भारीच असणार ना? फोनमध्ये जागा नाही, ट्रेकचे जुने फोटो उडवू का?"

थांब रे बाबा, फोटो उडवू नकोस. आधी जरा बोलू.

लॉसलेस कशाला म्हणायचं?

व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला की तो चेपला जातो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जसाच्या तसा पोचतो. फ्लॅक म्हणजे आवाजासाठी हे 'डॉक्युमेंट म्हणून पाठवणं'. २००१ साली आलेला हा मोफत फॉरमॅट फाइलचा आकार साधारण निम्म्यापर्यंत आणतो, पण उघडल्यावर एकही बिट हरवलेला नसतो. एमपी३ मात्र कानाला फारसं कळणार नाही असा भाग कायमचा टाकून देतो.

पण मुळात फोटोच हललेला असेल तर? डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरी तो हललेलाच पोचणार. फ्लॅकचंही तेच. आत जे घातलं ते जसंच्या तसं बाहेर येईल, एवढीच त्याची हमी. आत काय घातलं होतं, याची हमी तो देत नाही.

आणि व्हायनल रिपमध्ये आत काय जातं बघा. स्टुडिओतलं मिक्स, त्याचं मास्टरिंग, मग तबकडी कापणं, छापणं, मग कोणाच्या तरी घरातली सुई, कार्ट्रिज, प्रीॲम्प, आणि शेवटी कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्डिंग. एवढ्या लांब साखळीत लॉसलेस आहे ती फक्त शेवटची कडी.

मग लोक व्हायनल रिपच्या मागे का लागतात?

उगाच नाही लागत. त्यामागे एक खरं दुखणं आहे. साधारण १९९० नंतर अल्बम जास्तीत जास्त मोठ्या आवाजात मास्टर करायची चढाओढ लागली. तिला 'लाउडनेस वॉर' म्हणतात. डिजिटलमध्ये आवाजाला एक ठाम छत असतं, त्याच्या वर जाता येत नाही. मग मोठं कसं करायचं? लिमिटर लावून शिखरं दाबायची आणि उरलेलं सगळं वर उचलायचं.

पॉप गाण्यात हे एकवेळ चालून जातं. प्रोग मेटलमध्ये मात्र गाण्याचा कणाच मोडतो. ओपेथचं गाणं दहा-दहा मिनिटं चालतं. मध्येच सगळं थांबतं, एक अकूस्टिक गिटार राहते, आणि मग अख्खा बँड आणि तो ग्रोल अंगावर येतो. २०१९ मध्ये पुण्यात वीकेंडरला ज्यांनी त्यांना ऐकलं, त्यांना हा धक्का छातीत जाणवला असेल. आता ती शांत गिटारच बँडच्या जवळपास पोचेल इतकी उचलली, तर धक्का कुठून येणार? नोट्स सगळ्या आहेत, वाजवणं तेच आहे, पण चढ-उतार गेला.

याची गाजलेली उदाहरणं दोन. मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' २००८ मध्ये आला आणि चाहत्यांच्या लक्षात आलं की 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधली तीच गाणी सीडीपेक्षा मोकळी वाजतायत. लोकांनी ऑनलाइन याचिका काढली. दुसरं रशचं. प्रोग मेटलवाल्यांचा हा पूर्वज बँड. त्यांचा २००२चा 'व्हेपर ट्रेल्स' इतका कोंडलेला वाटला की २०१३ मध्ये तो पूर्ण नव्याने मिक्स करून पुन्हा काढला.

या दोन्ही ठिकाणी काय बदललं, ते लक्षात घ्या. सीडीच्या जागी तबकडी आली म्हणून फरक पडला नाही. फरक पडला तो मिक्स आणि मास्टर बदलल्यामुळे. काही अल्बमचं व्हायनलसाठी खरोखर वेगळं, कमी दाबलेलं मास्टर केलं जातं. अशा वेळी त्याची रिप सीडीपेक्षा मोकळी वाटेलच. पण अनेकदा सीडीचंच मास्टर तबकडीवर कापलेलं असतं. मग तेच कोंडलेलं गाणं तुम्हाला सुईच्या खरखरीसकट मिळतं.

तबकडीचं गणित

व्हायनलला स्वतःच्याही मर्यादा आहेत. एलपीची एक बाजू साधारण २२ मिनिटांपर्यंत नीट वाजते. त्याहून जास्त भरायचं तर चर अरुंद करावे लागतात, म्हणजे आवाज कमी आणि बेस बारीक. एज ऑफ सॅनिटीचा १९९६चा 'क्रिमसन' हा अख्खा अल्बम म्हणजे ४० मिनिटांचं एकच गाणं. एलपीवर ते ऐकताना मध्ये उठून तबकडी उलटावीच लागणार.

तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे मारते. बाहेरच्या चरात सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर अंतर जातं, आतल्या चरात सुमारे २१. म्हणजे तेवढ्याच वेळाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबायचं. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात झांजा आणि 'स'चे आवाज फाटायला लागतात. आणि प्रोग बँडना सगळ्यात भव्य गाणं शेवटीच ठेवायची हौस!

बेसचं तर आणखीच. खोल बेस जसाच्या तसा कापला तर चर एकमेकांत घुसतील. म्हणून कापताना बेस कमी आणि ट्रेबल जास्त करतात, आणि वाजवताना प्रीॲम्प ते उलटं करतो. या ठरलेल्या वळणाला आरआयएए कर्व्ह म्हणतात, १९५४ पासून तो रूढ आहे.

आता बिटचा हिशोब. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल. सीडीच्या १६ बिटमध्ये ९६ डेसिबलचा पल्ला बसतो. चांगल्या तबकडीचा पल्ला ६० ते ७० डेसिबल, म्हणजे १२ बिटच्या आत. मग २४ बिटच्या फाइलमध्ये उरलेल्या जागेत काय आहे? अतिशय काळजीपूर्वक जपलेली खरखर. २४ बिटचा फायदा रेकॉर्ड करणाऱ्याला होतो. पातळी थोडी कमी ठेवता येते, नंतर टिकटिक साफ करता येते. ऐकणाऱ्याला १६ बिट भरपूर झाले.

डीआरच्या आकड्याचा सापळा

आता तुम्ही म्हणाल, "पण रिपच्या खाली डीआर १२ लिहिलंय आणि सीडीच्या खाली डीआर ७!" हा आकडा गाण्याचा सगळ्यात मोठा २० टक्के भाग घेतो आणि त्याची सरासरी पातळी शिखरापेक्षा किती खाली आहे ते सांगतो. आकडा मोठा म्हणजे गाणं मोकळं, असा समज.

गोम इथे आहे. लिमिटरने शिखरं छाटली की लाटेचा माथा टेबलासारखा सपाट होतो. ती लाट तबकडी कापताना आणि सुईतून येताना थोडी कलते, तिच्यातल्या फ्रिक्वेन्सी एकमेकींच्या किंचित मागे-पुढे सरकतात. सपाट माथा तिरपा होतो, त्याला पुन्हा टोकं फुटतात. शिखर उंच दिसलं, सरासरी तीच राहिली, आकडा तीन-चारने वाढला. पण गिटार आणि ग्रोलमधलं अंतर? होतं तेवढंच. छाटलेलं काही परत आलेलं नसतं. म्हणून सीडी आणि व्हायनलचे डीआर आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

आणि शेवटी फोन

समजा सगळं जुळलं. मास्टर वेगळं, रिप उत्तम. आणि ऐकणार कशावर? ब्लूटूथ इअरबड्सवर. नेहमीचे ब्लूटूथ कोडेक आवाज पुन्हा चेपूनच पाठवतात. एसबीसी साधारण ३२८ केबीपीएसपर्यंत जातो, एलडॅक जास्तीत जास्त ९९०. सीडीचा दर १४११ आहे आणि तुमच्या दीड जीबीच्या रिपचा मूळ दर ४६०८. म्हणजे लॉसलेस फाइल हवेतच लॉसी झाली. वायरचे हेडफोन किंवा यूएसबी-सीचा छोटा डॉंगल लावलात तरच ती तशी पोचेल.

मग करायचं काय?

पहिलं, 'किती बिट' विचारण्याआधी 'कुठलं मास्टर' विचारा. कुठल्या सालची आवृत्ती, नव्याने मिक्स झालाय का? ओपेथच्याच 'डिलिव्हरन्स' आणि 'डॅम्नेशन'ची २०१५ मध्ये नव्या मिक्ससह आवृत्ती आली. तो फरक साध्या स्ट्रीमिंगवरही कळतो.

दुसरं, घरी चाचणी घ्या. दोन्ही आवृत्त्यांचा आवाज कानाला सारखा लागेल इतका जुळवा, कारण एक डेसिबलने मोठं वाजलं तरी आपल्याला तेच भारी वाटतं. मग मित्राला न सांगता आलटून-पालटून लावायला सांगा. दहापैकी पाच-सहा वेळा ओळखलंत तर तो नुसता अंदाज. नऊ वेळा ओळखलंत तर फरक खरा.

तिसरं, तबकडी आवडत असेल तर जरूर घ्या. मोठं कव्हर, सुई ठेवण्याचा तो क्षण, एक बाजू पूर्ण ऐकण्याची शिस्त, हे सगळं खरं आहे. विकत घेतली तर पैसे बँडपर्यंत पोचायची शक्यता तरी असते. कोणीतरी चॅनेलवर टाकलेल्या रिपमधून ते पोचत नाहीत, आणि ती कायदेशीरही नसते.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ती रिप सीडीपेक्षा भारी असू शकते, पण २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झमुळे नाही. वेगळं मास्टर असेल तरच. आधी वायर लाव, सीडीच्या दर्जाचं स्ट्रीमिंग ऐक, आवाज जुळवून बघ. नाहीच फरक कळला, तर दीड जीबी रिकामी करायला काय उडवायचं ते तुला ठाऊक आहे. ट्रेकचे फोटो राहू देत.

तुमची चाचणी कशी झाली ते व्हॉइस मेसेजवर सांगा. भेटू पुढच्या भागात!