आठ बिटांचा माल, सात बिटांची वाट

ई-मेलला छायाचित्र जोडून ते क्षणार्धात परगावी धाडणाऱ्यास, ही टपालव्यवस्था मुळात निव्वळ इंग्रजी मजकुरापुरती आखलेली होती, याची कल्पनाही नसते. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-मेलचे जे नियम लिहून काढले, त्यांत प्रत्येक अक्षरास सातच बिटे मंजूर होती. चित्र किंवा प्रोग्रॅम म्हणजे आठ-आठ बिटांच्या बाइटांची रास, आणि ती तशीच रवाना केली, तर वाटेतला एखादा संगणक आठवे बिट बेदिक्कत छाटून टाकी.

यावरची तोड बर्कलीच्या विद्यापीठात मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० सालीच काढून ठेवली होती. ‘यूयूएनकोड’ नावाची ही आज्ञावली तीन बाइटांची २४ बिटे सहा-सहांच्या चार गटांत वाटी आणि प्रत्येक गटाऐवजी छापता येण्याजोगे एकेक चिन्ह लिही. माथ्यावर ‘बिगिन’, तळाशी ‘एंड’, आणि मधल्या भरगच्च ओळींच्या आरंभी ‘एम’ हे अक्षर, म्हणजे ओळीत ४५ बाइट असल्याची दप्तरी नोंद! पुढे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइम’ नियमांतील ‘बेस-६४’ने कोणत्याही संगणकावर शाबूत राहतील अशीच चिन्हे निवडली. आपला ‘क’ यूटीएफ-८ मध्ये नेमके तीन बाइट व्यापतो, आणि बेस-६४ मध्ये तो ‘४-के-एस-व्ही’ असा वेष घेऊन प्रवास करतो.

या वेषांतराची किंमत मात्र मोजावी लागते: माल एकतृतीयांशाने फुगतो. म्हणून आधी संक्षेप करावा, मग संकेतन, हाच क्रम शहाणपणाचा. संक्षेपाचे तत्त्व लेंपेल आणि झिव यांनी १९७७ साली मांडले: आलेला मजकूर पुन्हा आला, तर तो न लिहिता ‘इतके मागे जा, इतकी अक्षरे उचल’ एवढीच सूचना लिहावी. त्याच्या आधारे फिल कॅट्झ यांनी १९८९ साली ‘झिप’ काढली. युनिक्सवरची ‘टार’ अनेक संचिका नुसत्या एकत्र बांधते, दाबत नाही; झिप दोन्ही कामे करते. अर्थात, जेपेग छायाचित्रे आधीच दाबलेली असल्याने ती झिप करून जागा वाचवू पाहणे हा व्यर्थ खटाटोप होय, तरी कचेऱ्यांतून तो निष्ठेने चालतो.

झिपच्या आरंभी कॅट्झ यांची ‘पी’ आणि ‘के’ ही आद्याक्षरे असतात, आणि वर्डच्या ‘डॉक्स’ संचिकेच्या आरंभीही तीच सापडतात, कारण तीही आतून झिपच आहे. तिचे प्रत्यय-नाव बदलून ‘झिप’ केले, की लेखातली चित्रे ‘मीडिया’ नावाच्या कप्प्यात वेगवेगळी उचलता येतात.