तारण, मंदी आणि लोकांचा रोष : सुपे व कामठा

जमिनीचे किंवा घराचे मोल चढते असते तेव्हा तारणावर कर्ज देणारा आणि घेणारा हे दोघेही एकाच समजुतीवर विसंबून असतात. आजचे मोल उद्याही टिकेल, किंबहुना वाढेल, ही ती समजूत. मोल उतरू लागले की सावकार हात आखडता घेतो, पेटीतले जुने कागद बाहेर काढतो, आणि काल आग्रहाने रक्कम पुढे करणारा आज हुकूमनामा घेऊन दारात उभा राहतो. अशा प्रसंगी उमटणाऱ्या लोकप्रतिक्रियेचे वर्णन ‘अडाण्यांचा उद्रेक’ किंवा ‘जुलमाविरुद्धचा लढा’ अशा दोन तयार शब्दांत करण्याची प्रथा आहे. दोन्ही शब्द अपुरे आहेत. या प्रतिक्रियेचे स्वरूप मंदीच्या तीव्रतेपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीवर अवलंबून असते : कायदा धनकोला नेमके काय घेऊ देतो, आणि ऋणकोचे म्हणणे ऐकण्याची जागा कोठे आहे. पुणे जिल्ह्यातील सुपे आणि गोंदिया तालुक्यातील कामठा यांची तुलना केल्यास हे स्पष्ट होते.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) हिंदुस्थानी कापसाला विलक्षण भाव आला. मुंबईत त्या पैशातून समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबेच्या कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांहून अधिक किमतीला विकला गेला. युद्ध संपले आणि १ जुलै १८६५ च्या हिशेबाच्या दिवशी हा डोलारा कोसळला. शहरातील बुडालेल्यांसाठी दिवाळखोरीची वाट होती आणि सरकारने त्याच वर्षी त्यासाठी खास कायदाही केला. दख्खनच्या शेतकऱ्याला तशी वाट नव्हती. रयतवारीत त्याची जमीन विकता व गहाण टाकता येण्याजोगी झाली होती. म्हणूनच तेजीत त्याला सहज कर्ज मिळाले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले होते. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा, पण परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा कागद लिहून घेतला जाऊ लागला. त्यातच १८६७ पासूनच्या फेरजमाबंदीत सारा वाढला, आणि भाव मात्र उतरत गेले.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने सुमारे दीडशे रुपयांच्या देण्यापायी एका देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवला, त्याचे घर ताब्यात घेतले आणि ते पाडण्यास आरंभ केला. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. न्हावी, पाणक्या, मजूर कोणीही त्यांच्या कामाला जाईना. देणे बहुतेकांच्याच डोक्यावर होते आणि व्याज सर्वांनाच माहीत होते. गावाला असह्य झाले ते घर पाडणे. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला व पुणे–नगर जिल्ह्यांतील इतर गावांत पसरला. जमावाची मागणी ठरलेली होती : रोखे, गहाणखते, हुकूमनामे काढा. कागद मिळाले की ते जाळले जात आणि बहुधा तेथेच प्रकरण थांबे. नकार मिळाला तेथे मारहाण व जाळपोळ झाली. प्राणहानी जवळजवळ झाली नाही, ही बाब चौकशी आयोगाच्याही नजरेतून सुटली नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने कर्ज हा व्यवहार उरला नव्हता; तो परक्याच्या पेटीत वाढत जाणारा कागद झाला होता. अमेरिकेत घरांच्या किमती कोसळल्यानंतर, २०१० साली, घरजप्तीची प्रतिज्ञापत्रे न वाचताच सह्या करून न्यायालयांत दाखल केल्याचे उघडकीस आले आणि सुशिक्षित कर्जदारही ‘मूळ कागद दाखवा’ म्हणून अडून बसले, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

१८७९ च्या दख्खन शेतकरी संरक्षण कायद्याने न्यायालयाला कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. सावकारांनी त्यावरही तोड काढली. गहाणखताऐवजी ते सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि जमीन परत देण्याचे वचन तोंडी ठेवू लागले. तोंडी पुरावा ग्राह्य धरण्याची तरतूद व्हायला १९०७ साल उजाडले. तोवर किती शेते या वाटेने गेली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

कामठ्याची घडण याहून निराळी. चिमणा पटेलाच्या १८१८ च्या बंडाने इतिहासात नोंदले गेलेले हे जमीनदारीचे ठाणे धानाच्या मुलखात आहे आणि त्या काळी ते मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे. तेथील भोगवट्याच्या हक्काच्या कुळाला १९२० च्या कूळकायद्याखाली आपली जमीन विकता वा गहाण ठेवता येत नव्हती. राहते घरही १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने साध्या देण्यापोटीच्या जप्तीतून वगळलेले होते. म्हणजे सुप्याच्या सावकाराला जे घेता आले ते या मुलखातील सावकाराला कायद्याने घेता येत नव्हते. पळवाट अर्थातच होती : कुळाने शेताचा राजीनामा द्यायचा, मालगुजाराने नजराणा घेऊन ते शेत सावकाराच्या नावे करायचे. तरीही त्यासाठी तिसऱ्या माणसाची संमती लागे. नुसता कागद पुरेसा नसे.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत धान्याचे भाव सुमारे निम्म्यावर आले. कर्जाचा आकडा तोच राहिला, म्हणजे धानाच्या खंडीत मोजता तो दुप्पट झाला. प्रांतातील सहकारी बँकांकडे थकबाकीपोटी जमिनी आल्या, पण त्यांना गिऱ्हाईक मिळेना. १९३३ साली मध्यप्रांताने कर्जतडजोडीचा कायदा केला. हिंदुस्थानातील अशा कायद्यांत तो अग्रगण्य होय. धनको व ऋणको यांना मंडळापुढे समोरासमोर बसवून देण्याची रक्कम कमी करणे व हप्ते ठरवणे ही त्याची रीत होती. रास्त देकार नाकारणाऱ्या धनकोला पुढे न्यायालयात खर्च मिळत नसे आणि सहा टक्क्यांहून अधिक व्याजही मिळत नसे. तक्रारी झाल्याच. ज्याने पोटाला चिमटा घेऊन देणे फेडले त्याला सूट नाही आणि न फेडणाऱ्याला मात्र आहे, हा आक्षेप अशा प्रत्येक कायद्याला चिकटतो. २००८ नंतर अमेरिकेतही तो ह्याच शब्दांत घेतला गेला. परंतु हा रोष मंडळाच्या बैठकीत बोलून दाखवता येत होता. कागद जाळण्याची गरज पडावी असे त्यात काही नव्हते.

याची किंमत दुसऱ्या बाजूने द्यावी लागली. धानाच्या शेतकऱ्याला आषाढात बियाणे व खावटी लागते, आणि ती सवाई-दिढीने सावकाराच्याच कोठीतून येत असे. ज्याचे देणे मंडळाने कापले त्याला नव्याने धान मोजून द्यायला तोच सावकार नाखूष असे, आणि त्याची जागा घेणारी संस्था गावात नव्हती. राजीनाम्याची पळवाट ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी व जमीनदारी संपली तेव्हा मालगुजाराबरोबरच गेली. पतीचा प्रश्न मात्र राहिला. १९५१–५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के भरला, आणि निरनिराळ्या सावकारांचा सुमारे सत्तर.