विश्लेषण : टाइम्स स्क्वेअरमधले चुंबन एकच, मग कॉपीराइटचे नियम दोन कसे?

जपान शरण आल्याची बातमी १४ ऑगस्ट १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये पोहोचली आणि टाइम्स स्क्वेअरमध्ये गर्दी उसळली. त्या गर्दीत एका नौसैनिकाने पांढऱ्या पोशाखातील तरुणीचे चुंबन घेतले. दुसऱ्या महायुद्धाचा शेवट म्हटले की आजही हेच छायाचित्र आठवते. पण हा क्षण दोन कॅमेऱ्यांनी टिपला होता. त्यातील एका छायाचित्रावर अमेरिकेत आजही कॉपीराइट आहे, तर दुसरे तिथे सर्वांसाठी खुले आहे.

दोन छायाचित्रे कोणाची?

प्रसिद्ध छायाचित्र आल्फ्रेड आयझेनस्टाट यांचे. ते ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी काम करत आणि ते तिथेच छापून आले. दुसरे व्हिक्टर जॉर्गेन्सन यांचे. तेच जोडपे, तोच क्षण. फक्त कोन वेगळा. त्यात टाइम्स स्क्वेअरचा परिसर फारसा दिसत नाही, दोघांची पावलेही चौकटीबाहेर राहिली आहेत. चित्र म्हणून ते डावेच. मात्र जॉर्गेन्सन अमेरिकी नौदलाचे छायाचित्रकार होते आणि कायद्याच्या दृष्टीने तेवढे पुरेसे ठरले.

नौदलाचे छायाचित्र खुले का?

अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीवर त्या देशात कॉपीराइट नसतो. करदात्यांच्या पैशातून झालेले काम जनतेचे, असा त्यामागचा विचार.

‘लाइफ’चा हक्क इतकी वर्षे कसा टिकला?

१९०९ च्या अमेरिकी कायद्यानुसार कॉपीराइट आधी २८ वर्षांचाच मिळे. अठ्ठाविसाव्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज केला नाही तर हक्क संपे. अनेक प्रकाशनांनी हा अर्ज केलाच नाही आणि त्यांचे जुने अंक खुले झाले. ‘लाइफ’च्या मालक कंपनीने मात्र अंकांचे नूतनीकरण करून घेतले. पुढे कायदे बदलत गेले आणि १९९८ मध्ये अशा कृतींची एकूण मुदत ९५ वर्षे झाली. म्हणजे १९४५ मध्ये छापलेले हे छायाचित्र १ जानेवारी २०४१ रोजी खुले होईल. छायाचित्रकाराचे निधन १९९५ मध्ये झाले, पण त्याचा या हिशेबाशी संबंध नाही.

छायाचित्रात दिसणाऱ्यांचे काय?

कॉपीराइटपुरते बोलायचे तर काहीच नाही. तो नौसैनिक आपणच, असे सांगणारे अनेक जण पुढे आले. त्यातील एकाने १९८७ मध्ये, आपली प्रतिमा परवानगीविना विकली जाते म्हणून मालक कंपनीवर दावाही लावला. पण तो प्रतिमेवरील हक्काचा होता, छायाचित्राच्या मालकीचा नव्हे. त्या तरुणीची संमती होती का, हा प्रश्न तर जगाला कित्येक दशकांनी पडला. त्याचे उत्तर कॉपीराइट कायद्यात शोधून सापडणार नाही.

भारतात काय नियम?

‘सरकारी म्हणजे मोफत’ हा अमेरिकी नियम इथे लागू नाही आणि नेमकी तिथेच अनेकांची गफलत होते. भारतात सरकारी कृतीवर सरकारचाच हक्क असतो, प्रसिद्धीनंतर ६० वर्षे. समजा, १९७१ च्या युद्धात सरकारी छायाचित्रकाराने टिपलेले छायाचित्र त्याच वर्षी प्रसिद्ध झाले, तर त्यावरील हक्क २०३१ अखेर संपेल. खासगी छायाचित्रांसाठीही आधी प्रसिद्धीनंतर ६० वर्षांचीच मुदत होती. २०१२ च्या दुरुस्तीने ती छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे अशी केली. वृत्तपत्राच्या नोकरीत टिपलेल्या छायाचित्राच्या प्रसिद्धीचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो.

मग वापरायचे कोणते?

पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी किंवा संकेतस्थळासाठी चुंबनाचे छायाचित्र हवे असेल, तर जॉर्गेन्सन यांचे छायाचित्र अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात आहे. आयझेनस्टाट यांचेच हवे असेल, तर हक्कधारकाकडून परवाना घेणे सुरक्षित. कारण संकेतस्थळावर टाकलेले चित्र अमेरिकेतही दिसते. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाय. नौसैनिकाचे बूट दिसत असतील, तर ते छायाचित्र ‘लाइफ’चे.