एचआयव्ही असेल तर दोन आठवडे थांबू नका

दोन आठवडे खोकला असेल तर थुंकी तपासा, हे आपण दवाखान्याच्या भिंतीवर वाचले आहे. पण घरात कुणाला एचआयव्ही असेल, तर एवढेही थांबू नये.

टीबीचे जंतू अनेकांच्या शरीरात निपचित पडून असतात. प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते. एरवी अशा माणसाला आयुष्यभरात टीबी होण्याची शक्यता शंभरात पाच ते दहा. एचआयव्ही नेमकी हीच शक्ती पोखरतो. उपचार न घेतल्यास जवळपास तेवढाच धोका दरवर्षी असतो. एचआयव्हीबाधितांचे सर्वाधिक मृत्यू टीबीने होतात, आणि टीबी तर बरा होणारा आजार आहे.

काय पाहावे?

खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम येणे. यातले एक जरी असले तरी लगेच तपासणी करा. एचआयव्ही असताना थुंकीत जंतू कमी सापडतात. टीबी गाठींत, पोटात, मेंदूतही होतो. म्हणून साधी थुंकी तपासणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त राहू नका. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीबद्दल विचारा. टीबी निघालेल्या प्रत्येकाने एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी.

दोन्ही केंद्रांना सांगा

वस्तीत कळेल या भीतीने काही जण टीबीच्या दवाखान्यात एचआयव्ही लपवतात. यात नुकसान आपलेच. टीबीच्या रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीच्या डोल्युटेग्राविर गोळीचा असर कमी होतो. डॉक्टरांना माहीत असेल तर ते जादा गोळी देतात. एआरटी चालू असेल तर बंद करू नका. नसेल तर आधी टीबीचे औषध आणि साधारण दोन आठवड्यांत एआरटी सुरू होते. मेंदूचा टीबी असल्यास जरा उशिरा. त्यानंतर ताप वाढला, गाठी सुजल्या, तर गोळ्या न सोडता डॉक्टरांना गाठा. लघवी केशरी होते, ते रक्त नव्हे. बरे वाटले तरी टीबीचा कोर्स, किमान सहा महिने, पुरा करा.

टीबी नसेल तरी

एआरटी केंद्रात टीबी टाळण्याच्या गोळ्यांविषयी विचारा. टीबी नाही याची खात्री करूनच त्या देतात.

हक्क आपला

तपासणी व औषधे सरकारी केंद्रात मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात येतात. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. एचआयव्हीमुळे नोकरी, शाळा किंवा उपचार नाकारता येत नाहीत. माहितीसाठी 1097 हा मोफत क्रमांक आहे.

घरच्यांनी ताट वेगळे करू नये. एचआयव्ही एकत्र जेवल्याने पसरत नाही आणि टीबी भांड्यांतून नव्हे, हवेतून पसरतो. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरा, घरातल्या सर्वांची तपासणी करा. आणि रोजच्या गोळीची आठवण प्रेमाने करून द्या.