एक ग्रॅम विष्ठा, दहा लाख कोंबड्या

बर्ड फ्लू झालेल्या कोंबडीच्या एक ग्रॅम विष्ठेत दहा लाख पक्ष्यांना लागण होईल इतके विषाणू असू शकतात, हा पशुवैद्यकांचा जुना हिशेब. हिशेब अर्थात कागदावरचा. कोंबड्यांना मोजून डोस वाटत कोणी फिरत नाही. पण एक ग्रॅम माल चपलेच्या तळाला सहज चिकटतो आणि चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही. विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा, म्हणजे एका मिलिमीटरवर दहा हजार ओळीने बसतील. माणसाची जनुकीय संहिता ३०० कोटी अक्षरांची, याची जेमतेम साडेतेरा हजारांची.

आणि याच्या पुढ्यात आपण काय वाढून ठेवलं आहे? जगात आज अडीच हजार कोटींहून जास्त कोंबड्या जिवंत आहेत. वर्षाला सात हजार कोटींहून जास्त कापल्या जातात. ब्रॉयलरचं आयुष्यच चाळीसएक दिवसांचं. पृथ्वीवरचे सगळे पक्षी तराजूत घातले तर सुमारे ७० टक्के वजन पाळीव पक्ष्यांचं भरेल, असं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं. भारतात २०१९ च्या पशुगणनेत ८५ कोटी कोंबड्या-बदकं निघाली. रानबदकांच्या आतड्यात फ्लूचे विषाणू फार पूर्वीपासून आहेत, आणि बहुतेकदा बदकांचं काही बिघडत नाही. एका जातीच्या, एका वयाच्या दहा हजार कोंबड्या एका छपराखाली सापडल्या की मात्र हे प्रकरण पेटतं. दोष स्थलांतरित पक्ष्यांना देणं सोपं आहे. गर्दी आपण जमवलेली आहे.

महाराष्ट्राला हे नवापूरने दाखवलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या या तालुक्यात १८ फेब्रुवारी २००६ ला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. सध्याच्या नियमाने बाधित शेडभोवती एक किलोमीटरपर्यंत पक्षी नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवतात. एकाचं दहा म्हटलं की फार वाटत नाही, पण क्षेत्रफळ तीन चौरस किलोमीटरवरून थेट ३१४ वर जातं. नवापुरात हे वर्तुळ गुजरातेत शिरतं. तिथलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे; विषाणूने कोणत्या जिल्हाधिकाऱ्याला विचारावं?

बाहेरचे आकडे ऐकून नवापूर लहान वाटू लागतं. अमेरिकेत २०२२ पासून १६ कोटींहून जास्त पाळीव पक्षी मेले किंवा मारले गेले. अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर २०२३ मध्ये एलिफंट सीलची सतरा हजारांहून जास्त पिल्लं दगावली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या गेला.

माणसांचा आकडा मात्र उलटा चमत्कारिक आहे. २००३ पासून जगभरात एच५एन१ या बर्ड फ्लूच्या प्रकाराचे नोंदलेले रुग्ण हजाराच्या आतबाहेर, त्यांतले जवळपास निम्मे दगावले. कोट्यवधी लोक रोज कोंबड्या हाताळतात, त्या मानाने हजार म्हणजे काहीच नाही. ‘निम्मे’ हा शब्दही जपून वाचावा: नुसती सर्दी होऊन बरा झालेला माणूस मोजला कुठे जातो? नवापुरात २००६ साली एकाही माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. देशातला पहिला मृत्यू २०२१ मधला, हरियाणातल्या अकरा वर्षांच्या मुलाचा. खाणाऱ्याने फार घाबरू नये. ७० अंशांच्या वर नीट शिजलेल्या मांसात, अंड्यात विषाणू टिकत नाही. धोका आहे तो आजारी कोंबडी उघड्या हातांनी सोलणाऱ्याला, पिसं उपटणाऱ्याला, शेड झाडणाऱ्याला.

बचावाचे उपाय या आकड्यांपुढे हास्यास्पद वाटतील इतके साधे आहेत. शेडची चप्पल शेडमध्येच ठेवायची, दाराशी जंतुनाशकाचा टब. खिडक्यांना जाळी, पाण्याच्या टाकीला झाकण. बाजारातून परत आलेले अंड्यांचे ट्रे धुतल्याशिवाय आत घ्यायचे नाहीत; शेजारच्या शेडवरचा मजूर मदतीला बोलवायचा नाही. थंडीत विष्ठेतला विषाणू महिनाभर तग धरतो, त्यामुळे हिवाळ्यात जास्तच जपायचं.

तुरे निळे-जांभळे पडले, अंडी एकदम घटली, सकाळी शेडमध्ये नेहमीपेक्षा जास्त मर दिसली, तर मेलेली कोंबडी चिरून बघायची नाही, उरलेली विकायची तर नाहीच. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं; नमुने तपासणीला भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात. बदनामीच्या धास्तीने पुष्कळजण दोन दिवस गप्प बसतात. या रोगात ४८ तासांत जवळजवळ सगळी शेड बसू शकते, आणि सरकारी भरपाई मिळते ती पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, त्याआधी मेलेल्यांची नाही.