कोल्हापुरी, प्राडा आणि आपण: महागड्या खरेदीचा हिशेब

22 जून 2025 रोजी मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीचा पुरुषांच्या कपड्यांचा शो झाला. त्यात मॉडेल्सच्या पायात जे होतं, ते आपल्याकडे कुणीही क्षणात ओळखलं असतं. कंपनीने मात्र त्याला फक्त ‘लेदर सँडल’ म्हटलं होतं. कोल्हापूरचं नाव नाही, भारताचं नाही, कारागिरांचं तर नाहीच. संताप उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र लिहिलं आणि ही रचना भारतातल्या पारंपरिक हस्तकलेवरून सुचल्याचं कंपनीने उत्तरात मान्य केलं.

सातारा-सांगलीत अनेकांना हे कोल्हापूरचं भांडण वाटलं असेल. पण ते आपलंही आहे. शिवाय डिझायनर वस्तू विकत घेणं योग्य की अयोग्य, हा एरवी हवेत राहणारा प्रश्न या एका चपलेवर नीट उलगडून पाहता येतो.

नावावर हक्क कुणाचा?

कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. ते एका शहरापुरतं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना ते लागू आहे. नोंदणी दोन सरकारी महामंडळांच्या नावावर आहे: महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकाचं लिडकर.

मानांकनाचा मालक कुणी एक व्यापारी नसतो आणि ते कुणाला विकताही येत नाही. ठरलेल्या भागात ठरलेल्या पद्धतीने माल बनवणारा कारागीर ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करून घेऊ शकतो. अशी नोंद असली की नावाची नक्कल करणाऱ्याविरुद्ध त्याला स्वतः दाद मागता येते. त्यामुळे जत किंवा कराड तालुक्यातल्या कारागिरालाही हा मार्ग कोल्हापूरच्या कारागिराइतकाच खुला आहे.

किमतीत काय काय असतं?

कच्चं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात ठेवून त्यावरचे केस काढतात. मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात ते कमावलं जातं. रसायनांनी हे काम झटपट होतं, झाडपाल्याच्या पद्धतीला कित्येक दिवस जातात. कमावलेलं कातडं रापीने कापायचं, थरावर थर ठेवून तळ तयार करायचा, आरीने भोकं पाडायची आणि चामड्याच्याच वादीने शिवायचं. अस्सल जोडीत खिळा नसतो. पट्ट्यावरची वेणी वळणं आणि शिवण यांत घरातल्या बायकांचा मोठा वाटा असतो.

हे काम पिढ्यान् पिढ्या ढोर आणि चर्मकार समाजाने केलं. चप्पल मानाने मिरवायची आणि ती घडवणाऱ्याला मात्र गावकुसाबाहेर ठेवायचं, असं आपण शतकानुशतकं वागलो. म्हणून प्राडाला नाव लपवल्याबद्दल जाब विचारताना, आपण त्या हातांना कधी मान आणि मोल दिलं का, हेही विचारावं लागतं.

कायदा कुठे थांबतो?

भारतात तीन कायदे इथे लागू होऊ शकतात. ट्रेडमार्क कंपनीचं नाव आणि चिन्ह राखतो. डिझाइन कायदा नव्या आकाराला जास्तीत जास्त 15 वर्षं संरक्षण देतो; पण आधीपासून सर्वांना माहीत असलेल्या रचनेची नोंद त्यात होत नाही, त्यामुळे पिढ्यान् पिढ्यांची कोल्हापुरी त्यात बसतच नाही. तिसरा जीआय. तो मुख्यतः नावाचं रक्षण करतो. कोल्हापुरी नसलेल्या मालाला ‘कोल्हापुरी’ म्हणून विकणं गुन्हा आहे. तसाच आकार घेऊन त्याला ‘लेदर सँडल’ म्हटलं, तर जीआयने ते अडवणं कठीण. शिवाय भारतातली नोंदणी भारतापुरतीच असते. युरोपीय संघानेही हस्तकलेच्या वस्तूंना असं मानांकन देणारी व्यवस्था 1 डिसेंबर 2025 पासून लागू केली आहे. पण तिथल्या संरक्षणासाठी तिथेही नोंद व्हावी लागते.

प्राडाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. जुलै 2025 मध्ये ती फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे नोंदणीकृत मालक नव्हते.

करार झाला, पुढे काय?

डिसेंबर 2025 मध्ये प्राडाने लिडकॉम आणि लिडकर यांच्याशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकात 2,000 जोड बनवून ते जगभरातल्या 40 दुकानांत आणि ऑनलाइन विकायचे, किंमत सुमारे 800 युरो, असं तेव्हा जाहीर झालं. म्हणजे जवळपास 84 हजार रुपये. हाताने बनवलेली जोडी आपल्याकडे हजार-दीड हजारांनाही मिळते.

किंमत मोठी आहे म्हणून व्यवहार अन्यायाचा ठरत नाही. या 84 हजारांतले किती रुपये कातडं कमावणाऱ्याला, किती शिवणाऱ्याला आणि किती वेणी वळणारीला मिळाले, यावर तो ठरतो. डिझायनर कपडा असो की चप्पल, ग्राहकाने विचारायचा पहिला प्रश्न हाच. हा हिशेब जो ब्रँड देत नाही, त्याच्या वस्तूसाठी मोजलेले जास्तीचे पैसे कारागिरीसाठी मोजले, असं समाधान मानू नये.

आपली खरेदी

इथल्या बाजारात चूक दोन्ही बाजूंनी होते. परदेशी ब्रँडचं खोटं चिन्ह लावलेले टी-शर्ट खपतात आणि रेक्झिनच्या चपला ‘कोल्हापुरी’ म्हणून खपतात. दुसऱ्याच्या नावावर माल विकणं दोन्हीकडे सारखंच. प्राडाकडे बोट दाखवणाऱ्याने स्वतःच्या अंगावरचा खोटा लोगो आधी उतरवावा.

चप्पल घेताना ती उलटी करून पाहा. तळाला वादीचे टाके दिसतात का? खिळे नाहीत ना? कडेला चामड्याचे थर दिसतात की वरून रंग फासलेला आहे? लिडकॉमने आणलेला क्यूआर कोड असेल तर तो स्कॅन करा. जोडी कुणी आणि कुठे बनवली, हे त्यावरून कळतं. नवी चप्पल चावते म्हणून तिला खराब ठरवू नका. थोडं तेल लावून घातली की ती पायाला बसते.

आणि घासाघीस. मॉलमधल्या छापील किमतीपुढे आपण मुकाट्याने कार्ड काढतो आणि कारागिरासमोर शंभर रुपये कमी करून घेतल्याचा आनंद मानतो. ते शंभर रुपये त्याच्या मजुरीतून जातात. अस्सल जोडीची पटेल ती किंमत पूर्ण द्यावी, परवडत नसेल तर वर्षाने घ्यावी, पण त्याच्या कष्टातून सवलत मागू नये.

चांगलं, महाग, सुंदर घालण्यात काही पाप नाही. सुंदर वस्तूला भाव मिळाला तरच कारागिराची मुलगी किंवा मुलगा रापी हातात घेईल. कायदा नाव राखेल आणि करार बाजारपेठ उघडेल; घडवणाऱ्याला त्याचं मोल मिळतं की नाही, हे मात्र प्रत्येक खरेदीत ग्राहकच ठरवतो. सातारा-सांगलीच्या ग्राहकाला तर त्यासाठी मिलानला जावं लागत नाही. ज्या कारागिराला विचारायचं, तो त्याच्याच जिल्ह्यात राहतो.