खडकाच्या भेगेची तारीख

विहीर खणतांना मुरूम संपून काळा पाषाण लागला, म्हणजे त्याच्या भेगांतून पांढऱ्या, चकचकीत दगडाच्या पट्ट्या आढळतात. आपल्यापैकीं बहुतेकांनीं त्या पाहिल्या असतील. त्यांतील कांहीं गारगोटीच्या जातीच्या असतात. परंतु ज्या दगडावर सौम्य आम्ल टाकतांच तो फसफसतो, तो चुन्याचा स्फटिक, म्हणजे कॅल्साइट होय. आमच्या विहिरीचें काम चाललें असतां असा एक खडा उचलून पुतण्यानें मला विचारलें, "काका, हा दगड केव्हांचा?" मीं म्हटलें, "ज्या पाषाणांत आहे, त्याच्याच वयाचा." हें उत्तर चुकीचें होतें. तें कां चुकीचें होतें, हें मागाहून वाचून कळलें तें वाचकांपुढें मांडीत आहें.

आपला दख्खनचा पाषाण सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाच्या रूपानें पसरला. रस थिजल्यावर भेगा पडल्या, आणि भेगांत झिरपणाऱ्या पाण्यांतून चुना सांठून स्फटिक झाले. म्हणजे पाषाण ही मूळची नोंद, व कॅल्साइट हा तिच्यावरील फेरफार. फेरफारास मूळ नोंदीची तारीख लावून कसें चालेल?

फेरफाराची स्वतंत्र तारीख काढण्याचें साधन त्या स्फटिकांतच असतें. चुन्याच्या पाण्याबरोबर युरेनियम या धातूचा अत्यल्प अंश स्फटिकांत शिरतो. तो बहुधा दहा लक्ष भागांत एखादा भाग किंवा त्याहूनही कमी असतो. हें युरेनियम आपोआप शिशांत रूपांतर पावतें. २३८ अणुभाराच्या युरेनियमपासून २०६ भाराचें शिसें होतें, व निम्मा सांठा बदलण्यास सुमारें ४४७ कोटी वर्षें लागतात. २३५ भाराच्या युरेनियमपासून २०७ भाराचें शिसें होतें, व त्यास सुमारें ७० कोटी वर्षें लागतात. जमिनींतील उष्णतेनें किंवा दाबानें हा वेग बदलत नाहीं. मडकें किती वेगानें पाझरतें हें ठाऊक असलें, म्हणजे खालच्या भांड्यांत सांठलेल्या पाण्यावरून किती वेळ गेला हें सांगतां येतें. त्यांतलाच हा प्रकार.

परंतु खालच्या भांड्यांत आरंभींच थोडें पाणी असलें तर? कॅल्साइटची मुख्य अडचण हीच आहे. स्फटिक बनतांना युरेनियमबरोबर साधें शिसेंही त्यांत शिरतें, आणि पुष्कळदां तें युरेनियमपासून झालेल्या शिशाहून अधिक असतें. यावर उपाय असा कीं, एकाच स्फटिकाच्या अनेक जागा तपासावयाच्या. जेथें युरेनियम नाहींच म्हटलें तरी चालेल, तेथें केवळ आरंभींचें शिसें सांपडतें. जेथें युरेनियम अधिक, तेथें मागाहून झालेल्या शिशाची भर अधिक. या जागांची परस्परांशीं तुलना केली, म्हणजे आरंभींची शिल्लक निराळी काढून वय ठरवितां येतें.

पूर्वीं यासाठीं दगडाचे तुकडे आम्लांत विरघळवावे लागत, व युरेनियम बऱ्यापैकीं असलेलाच नमुना उपयोगीं पडे. आतां लेसर किरणानें स्फटिकावर सुमारें दशांश मिलिमीटर रुंदीचा ठिपका उडवून ती धूळ अणूंचे भार मोजणाऱ्या यंत्रांत नेतात. वजनांची शहानिशा प्रमाणित वजनाशीं ताडून करतात, त्याप्रमाणें येथेंही प्रमाण म्हणून एक कॅल्साइट ठरविलेला आहे. अमेरिकेंतील वॉलनट कॅन्यन येथील या कॅल्साइटचें वय २०१७ सालीं २५ कोटी ४४ लक्ष वर्षें, चौसष्ट लक्ष इकडे किंवा तिकडे, असें प्रसिद्ध झालें.

या रीतीचें एक उदाहरण आपल्यासारख्याच काळ्या पाषाणाचें आहे. स्कॉटलंड व आइसलंड यांच्या दरम्यान फॅरो नांवाचीं बेटें आहेत. ग्रीनलंड युरोपापासून विलग होण्याच्या सुमारास, साडेपांच-सहा कोटी वर्षांपूर्वीं, तेथें लाव्हा पसरला. तेथील सरकलेल्या भेगांतील कॅल्साइट निक रॉबर्ट्स व रिचर्ड वॉकर यांनीं तपासला, व २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. वयें निघालीं तीं सुमारें ४ कोटी ४८ लक्ष वर्षांपासून १ कोटी १२ लक्ष वर्षांपर्यंतचीं. म्हणजे भूखंड विलग होऊन गेल्यावरही तेथील जमीन कोट्यवधि वर्षें हालत राहिली होती.

मात्र एक सावधगिरी अवश्य आहे. नोकरीच्या आरंभीं एका वारसाच्या प्रकरणांत नोंदीची तारीख हीच मृत्यूची तारीख मीं धरली. मृत्यु प्रत्यक्षांत तीन वर्षें आधींचा होता. त्या चुकीपायीं एका विधवेस कचेरीचे पुष्कळ हेलपाटे पडले. तें अजून मनाला लागतें. भेगेचेंही तसेंच आहे. भेग आधीं पडून चुना लाखों वर्षांनीं भरला असूं शकेल. भेग सरकतांनाच स्फटिक वाढला, असें त्याच्या ओढल्या गेलेल्या तंतूंवरून किंवा घांसल्याच्या खुणांवरून दिसलें, तरच त्याची तारीख सरकण्याची मानावी. मागाहूनच्या पाण्यानें स्फटिक विरघळून पुन्हां जमला असल्यास ती नोंद खाडाखोडीची समजावी. आणि अगदीं अलीकडच्या भेगांत शिसें मोजण्याइतकें सांठलेलेंच नसतें. पांच-सहा लक्ष वर्षांच्या आंतील चुन्यासाठीं युरेनियम व थोरियम यांची निराळी रीत आहे.

हें सर्व शेतकऱ्यानें कशासाठीं जाणावें, असें कोणी विचारील. ता. ११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेस व ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस भूकंप झाले. किल्लारीच्या बाजूस पहाटे झोंपेंतच हजारों माणसें घरांच्या दगडमातीखालीं गेलीं. आपली भूमि स्थिर, असा तोंवर सर्वसाधारण समज होता. पायाखालची भेग किती काळ स्वस्थ आहे, हें कळण्याचीं साधनें थोडीं आहेत. ही रीत पुढील भूकंपाचा दिवस सांगत नाहीं. मागें जमीन केव्हां हालली, एवढेंच ती सांगूं शकते. पण मागील नोंदी नीट असल्यावांचून पुढचा बंदोबस्त होत नाहीं, हें जमिनीच्या धन्यास सांगावयास नको.

म्हणून विहिरीच्या भेगेंत असा दगड लागल्यास तो कोणत्या थरांत, किती खोलीवर व कोणत्या दिशेच्या भेगेंत होता, हें लिहून ठेवावें. जागेची नोंद नसलेला खडा तपासणाऱ्याच्या फारसा कामाचा नाहीं. पुतण्याचा खडा मीं तशी चिठ्ठी लावून ठेवला आहे, आणि त्याला दिलेलें उत्तर मागें घेतलें आहे.